फोटू धुणारी मेहमुदा

सिकंदरच्या हातांना खाज सुटली ती आधी बोटांच्या बेचक्यांत. थंडीचे दिवस होते. हात फुटले असतील असं समजून त्यानं रात्री खोबरेल चोळलं आणि सकाळी कामाला गेला. आठवड्याभरात बोटं सुजली, कातडी तडकली, आणि भाकरी मोडायची तरी बायकोनं मोडून द्यावी अशी वेळ आली.

ही शाहू महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. तिकडं जर्मनची लढाई पेटली होती आणि कोल्हापूरच्या पेठांतून, आसपासच्या खेड्यांतून तरणी पोरं पलटणीत भरती होऊन समुद्रापार इराकात, बसऱ्याकडं जात होती. राजवाड्याच्या वाटेवर तेव्हा एक फोटोचा स्टुडिओ होता. मालक पुढच्या दालनात सरदार-जहागीरदारांना खुर्चीवर बसवून फोटो काढायचा, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल काचेच्या दिव्याखाली, सिकंदर त्या काचा आणि फिल्मा औषधाच्या पाण्यात बुडवून त्यांवर चित्र उठवायचा. दिवसभर हात त्या पाण्यात. मंगळवार पेठेत त्याला सगळे 'फोटू धुणारा' म्हणूनच ओळखायचे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचे हात उलटसुलट करून बघितले. म्हणाले, "हे औषध काहींच्या अंगाला मानवत नाही. काम सोडलंस तर हात बरे होतील. परत त्यात घातलेस तर परत हेच होईल."

मालक माणूस वाईट नव्हता. त्यानं सिकंदरला तीन जुनी तबकं, एक लाल काच बसवलेला कंदील, मोजायचा पेला, फोटो छापायची काचेची चौकट, खराब फिल्मचे काही तुकडे आणि औषधांच्या भुकटीच्या पाच-सहा बाटल्या दिल्या. "घरी असू दे," म्हणाला. हात गेलेल्या माणसाला हे सामान देऊन काय उपयोग, हे त्यालाही कळत असणार. पण रिकाम्या हातानं पाठवायचं त्याच्या जिवावर आलं.

घरात तिघंच. सिकंदर, त्याची बायको मेहमुदा आणि आई हुसेनबी. आपसांत ती दख्खनी बोलत आणि पेठेत पेठेची मराठी; मी सगळं मराठीतच सांगतो. मेहमुदा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. अंगानं बारीक, बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की मागं सरायची नाही. सिकंदर घरी बसल्यावर तिनं शेजारपाजारच्या गोधड्या शिवायला घेतल्या. हुसेनबी लेकाच्या हातांना कडुनिंबाचा पाला वाटून लावायची आणि त्या बाटल्यांकडं बघून रोज शिव्या द्यायची. सामान कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलं होतं.

शिमग्याच्या आधी एके दिवशी अंबादासपंत दारात आले. पंत दरबारच्या मुलकी खात्यात कारकून. त्यांना फोटोचा भारी नाद. कुणा साहेबाकडून त्यांनी एक पेटीसारखा कॅमेरा घेतला होता, आणि सुट्टी मिळाली की रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर ते तो घेऊन हिंडायचे. त्यांच्या फिल्मा आजवर सिकंदरच धुऊन देत आला होता.

"सिकंदर, तू गेल्यापासून फिल्मवर नुसते ओरखडे येतात रे," पंत ओट्यावर टेकत म्हणाले. "ही तेवढी तू धुऊन दे."

सिकंदरनं दोन्ही हात पुढं केले. खपल्या धरल्या होत्या, पण बोटं अजून लाल होती. पंत वरमले. फिल्मची गुंडाळी परत खिशात घालून उठायला लागले, तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला, "ठिवून जावा म्हणावं. मी धुतो."

आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी धुतो' असंच बोलतात. पंतांना त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ती काय म्हणाली त्याचं. त्यांनी सिकंदरकडं बघितलं, सिकंदरनं दाराकडं. गुंडाळी ओट्यावरच राहिली.

पंत गेले आणि हुसेनबीनं आवाज चढवला. "ज्या पाण्यानं माझ्या लेकाचं हात खाल्लं, त्यात आता सुनंचं हात घालू व्हय? एक अधू झाला ती बास न्हाय?"

"अम्मा," मेहमुदा म्हणाली, "मिरच्या कांडल्यावर तुमच्या हाताची रात्रभर आग हुती. माझ्या हुती का? सगळ्यांचं हात सारखं नसत्यात."

"आन् झालं तर?"

"झालं तर सोडतो की. आधी एक बोट बुडवून बघतो."

तिनं खरंच एक बोट बुडवलं. सिकंदरनं सांगितल्याप्रमाणं भुकटी पाण्यात कालवली, करंगळी त्यात धरून बसली, आणि मग चार-पाच दिवस सगळं घर त्या करंगळीकडं बघत राहिलं. सकाळी उठलं की हुसेनबी आधी सुनेचा हात ओढून घ्यायची. करंगळीला काही झालं नाही. नख तेवढं किंचित पिवळं पडलं.

अंधार करता येईल अशी खोली म्हणून घरात एक सैपाकघरच होतं. त्याला खिडकी नव्हती, धुरानं भिंती काळ्या झाल्या होत्या. भर दुपारी मेहमुदा दार लावून आत जाऊन उभी राहिली. डोळे सरावल्यावर तिला दिसलं, की कौलांच्या फटींतून, दाराच्या सांध्यातून, चुलीच्या धुराड्यातून उजेडाच्या सुया आत येतायत. एक एक सुई शोधून तिनं चिंध्या आणि शेणमातीनं बुजवली. दाराला आतून गोधडी टांगली. असं करता करता संध्याकाळ झाली आणि भाकऱ्या बाहेर अंगणात तीन दगडांवर थापाव्या लागल्या. हुसेनबी त्यावरूनही बोलली.

पहिल्या वेळी सिकंदर तिच्या पाठीशी उभा होता. लाल कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात त्यानं तोंडानं सांगितलं आणि तिनं हातांनी केलं. गुंडाळीचा कागद सोडवून फिल्म मोकळी केली. दोन हातांत दोन टोकं धरली, आणि एक हात वर, एक हात खाली, अशी ती पट्टी औषधाच्या तबकातून झोपाळ्यासारखी फिरवायला लागली. सुरुवातीला काहीच दिसेना. नुसती दुधट, निसरडी पट्टी. मग एका ठिकाणी डाग पडल्यासारखं झालं. डाग पसरला, त्याला कडा आल्या.

"या अल्ला!" मेहमुदा दचकली. "ही काय ओ? तोंडं काळी आन् केस पांढरं! भुतं हायती का माणसं?"

सिकंदर हसला. हात सुजल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असेल. "उलटं दिसतंय ती. कागदावर घेतलं की सुलटं हुतंय. थांबू नको, हालवत ऱ्हा."

त्या फिल्मवर रंकाळ्याच्या काठावर कपडे वाळत घालणाऱ्या बायका होत्या. पंतांनी फोटो बघितले, उन्हात धरून परत बघितले आणि म्हणाले, "एक ओरखडा नाही!" दुसऱ्याच आठवड्यात ते आणखी एक गुंडाळी घेऊन आले, मग तिसरी. त्यांच्या कचेरीतल्या एका स्नेह्याकडंही कॅमेरा होता. तोही यायला लागला.

मग चैत्र आला, आणि ऊन तापलं.

त्या वेळच्या गुंडाळीत पंतांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. बहीण निपाणीला दिली होती. मांडवातले, वरातीचे आणि सासरी निघताना ती आईच्या गळ्यात पडली त्या वेळचे असे तिचे फोटो होते. मेहमुदा दुपारी आत गेली. सैपाकघर भट्टीसारखं झालं होतं, घागरीतलं पाणीसुद्धा कोमट. चित्र उठलं, चांगलं उठलं. सिकंदर मागून बघत होता. आणि बघता बघता फिल्मवरचा चित्राचा थर हलायला लागला. दुधावरची साय बोटानं सरकावी तसं नवरीचं तोंड एका बाजूला सरकलं, सुरकुतलं आणि तबकात सांडलं.

"धर! धर त्येला!" सिकंदर ओरडला, आणि त्याला स्वतःलाच कळायच्या आत त्याचे दोन्ही हात तबकात होते. तो थर गोळा करायला बघत होता. हातात काही येण्यासारखं नव्हतं. राहिली ती नुसती नितळ, कोरी पट्टी.

संध्याकाळपर्यंत त्याचे हात टम्म सुजले. सगळं पहिल्यासारखं झालं. हुसेनबी रडली नाही, बोललीही नाही; गप्प बसून पाला वाटायला लागली. मेहमुदाला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पंत आले तेव्हा सिकंदरनं तोंड भिंतीकडं केलं. मेहमुदाच पदर पुढं ओढून दारात आली. "पंत, फिलीम खराब झाली. उन्हानं थर वितळला. एक बी फोटू वाचला न्हाय. माझ्या हातानं झालं."

 पंत म्हणाले, "आई रोज विचारते, फोटो कधी येणार," आणि टोपी सारखी करत निघून गेले. परत आले नाहीत. त्यांचा स्नेहीही यायचा थांबला.

पंधरा दिवस तबकं कोरडी पडून होती. सिकंदरचे हात उतरायला लागले तसं त्याचं मन जास्तच कडू झालं. "बंद कर ही सगळं," तो एकदा म्हणाला. "तबकं मोडीत घाल. माझं काम हुतं ती. तुझं न्हाय आन् आता माझं बी न्हाय."

मेहमुदा गोधडी शिवत होती. सुई थांबवून तिनं विचारलं, "स्टुडिओत उन्हाळ्यात काय करत हुता?"

"मालक पहाटं काम करायचा. बरफ आणायचा कुठनं तरी. तुरटी घालायचा पाण्यात, थर आवळून धरती म्हणून. आपल्याला कुठला बरफ?"

"तुरटी तर घरात हाय."

"आन् गार पाणी?"

हे बोलणं हुसेनबी ऐकत होती. ती उठली, घरामागच्या परड्यात गेली आणि रिकाम्या दोन घागरी घेऊन आली. "माझ्या म्हायारी लोणी उन्हाळ्यात कसं ऱ्हायाचं ठावं हाय?" ती कुणाकडं न बघता म्हणाली. "वाळूत घागर पुरायची, वाळू भिजवायची, वरनं ओलं फडकं. रात्रभर आभाळाखाली ठिवायची. पहाटं त्या पाण्यात हात घातला की दात वाजत्यात." मग ती सिकंदरकडं वळली. "आन् तू आत जायाचं न्हाय. तुझं हात तुझं ऐकत न्हाईत. भाईर बसून काय सांगायचं ती सांग."

सिकंदरनं आणलेल्या सामानात जुन्या खराब फिल्मचे तुकडे होते. त्यांवर त्यांनी करून बघितलं. पहाटे, घागरीचं पाणी वापरून, औषधातून काढल्याबरोबर पट्टी तुरटीच्या पाण्यात. पहिल्या दिवशी तुरटी कमी पडली, कडा उचलल्या. मग जास्त घातली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मेहमुदानं तुकडा बोटानं चोळून बघितला, तर थर जागचा हलला नाही. पण धुवायला द्यायला आता कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते शेजारच्या बोळातून. बाळाबाई. तिचा एकुलता लेक पिराजी पलटणीत होता, बसऱ्याला. तो गेला तेव्हा त्याची बायको चिमणाबाई दोन महिन्यांची पोटुशी होती. आता पोरगं पाच महिन्यांचं झालं होतं. नाव बाळासो.

"हुसेनबी," बाळाबाई अंगणात उभी राहूनच म्हणाली, तिचा आवाज सगळ्या बोळाला ऐकू जायचा, "तुझ्या घरात फोटू धुत्यात म्हणं. माझ्या पोराला त्येच्या पोराचं तोंड दावायचं हाय. लढाईचं काय सांगावं? बघू तरी दे त्येला."

"स्टुडिओत जा की," सिकंदर म्हणाला.

"सून तिथं जायाला तयार न्हाय. परका बाप्या तोंडावर काळं फडकं घिऊन बघतुया म्हणती. आन् खरं सांगू, मला बी नगं वाटतंय."

फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा पाहिजे. कॅमेरा होता पंतांकडं.  दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घेऊन मेहमुदानं सासूला विचारलं, "अम्मा, येता का माझ्यासंगं?"

पंतांच्या घरी दार त्यांच्या बायकोनं, सरोजिनीबाईंनी उघडलं. त्यांनी दोघींना ओसरीवर चटई टाकून दिली. पंत कचेरीला निघायच्या घाईत होते. मेहमुदानं सगळं सांगितलं. घागरी, तुरटी, पिराजीचं पोर. पंतांनी ऐकून घेतलं.

"मी येतो, मीच काढतो फोटो," ते म्हणाले.

"चिमणाबाई बाप्यासमोर बसायची न्हाय, पंत."

"मग काढणार कोण? तुम्ही?" पंत थांबले. "आणि पुन्हा वितळली तर?"

"तर परत हिथंच यीऊन सांगीन."

सरोजिनीबाई आतून म्हणाल्या, "द्या हो. तुमच्या त्या देवळांच्या आणि घाटांच्या फोटोंची काही घाई नाहीये." पंतांना हसू आलं नाही, पण ते आत गेले आणि पेटी घेऊन आले. ओसरीवरच त्यांनी तिला दाखवलं: पेटी पोटाशी धरायची, वरच्या बारक्या काचेत वाकून बघायचं, सूर्य पाठीशी ठेवायचा, आणि कळ दाबताना श्वास रोखायचा. कचेरीला त्या दिवशी त्यांना उशीर झाला.

बाळाबाईच्या परड्यात, पेरूच्या झाडाखाली, चिमणाबाईला पाटावर बसवलं. तिनं नाकात नथ घातली होती, अंगावर लग्नातलं लुगडं होतं, आणि भीतीनं ती लाकडासारखी ताठ झाली होती. बाळासोच्या डोळ्यांत काजळ, गालाला तीट. कळ दाबायची वेळ आली की पोरगं हात उडवायचं. एकदा चिमणाबाईनंच लाजून मान खाली घातली. एकदा बाळाबाई मधे आली. फिल्मवर सहाच फोटो होते आणि पाच असेच गेले. सहाव्याला मेहमुदानं पेटी खाली ठेवली आणि म्हणाली, "चिमणे, माझ्याकडं नगं बघू. त्येच्याकडं बघ. त्यो तुझ्यासमोर बसलाय, पिराजी. त्येला काय सांगायचं हाय ती मनात सांग."

चिमणाबाईचे खांदे सैल झाले. पोरगंही का कोण जाणे, गप्प राहिलं. मेहमुदानं पेटी पोटाशी धरून कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आत गेली. सिकंदर दाराबाहेर भिंतीला टेकून बसला. हुसेनबीनं उंबऱ्यावरच बूड टेकलं, कारण बाळाबाई उजाडायच्या आत येऊन बसली होती आणि तिला दम निघत नव्हता.

"एवढा येळ लागतुया? बघू तरी दार किलकिलं करून!"

"हात लाव दाराला, मग बघ," हुसेनबी म्हणाली. "आत उजेड शिरला की तुझा नातू आत जळून काळा हुईल. फोटूतला."

आत मेहमुदा एकटी होती. आजवर पाठीशी नवऱ्याचा श्वास असायचा. आज फक्त पाण्याची चुळूक चुळूक. पट्टी वर, पट्टी खाली. पाच फोटो एकामागोमाग उठले, हललेले, फरकाटलेले. सहावा हळू येत होता. झाडाखालच्या सावलीत तो जरा कमी उजेडात पडला होता.

"किती आलंय?" बाहेरून सिकंदरनं विचारलं.

"नथ आली. पोराचं डोळं आलं."

"मग काढ आता. जास्त ठिवलं तर सगळं काळं हुईल."

मेहमुदानं पट्टी लाल दिव्यासमोर धरली. चिमणाबाईचं तोंड नीट उमटलं होतं. पण पोराचं अजून धुकट होतं, डोळे तेवढे होते, गाल-हनुवटी काहीच नव्हतं. "आजून न्हाय," ती म्हणाली.

"काढ म्हणतो की!"

"आजून न्हाय."

 सिकंदरला आत जावंसं वाटलं असणार, पण उंबऱ्यावर आई होती. मेहमुदा पट्टी हलवत राहिली. पोराची जिवणी आली, हनुवटीवरची खळी आली. मग तिनं पट्टी उचलून तुरटीच्या पाण्यात सोडली.

फिल्म वाळली तेव्हा सिकंदरनं ती कडेला धरून उन्हाकडं करून बघितली. पुष्कळ वेळ बघितली. "मी असतो तर लौकर काढली असती," तो म्हणाला. "पोरगं धुऊन गेलं असतं." एवढंच. पण दुपारी तो आपणहून उठला, पंतांकडून आणलेला फोटोचा कागद त्यानं काचेच्या चौकटीत फिल्मखाली बसवला आणि चौकट अंगणातल्या उन्हात ठेवली. हे काम कोरडं होतं, त्यात त्याच्या हातांना काही होणार नव्हतं. उन्हानं कागद हळूहळू काळवंडत गेला, त्यावर सुलटं चित्र उठत गेलं आणि पेठेतल्या सात-आठ बायका वाकून वाकून त्याकडं बघत राहिल्या.

"अगं बाई!" बाळाबाईनं तोंडावर हात ठेवला. "ह्यो तर माझा पिराजीच! असाच बघायचा बघ, कुणीतरी फसवल्यासारखा!"

फोटो पलटणीच्या टपालानं गेला. आणि मग काहीच आलं नाही. पावसाळा गेला. बसऱ्याकडून येणाऱ्या बातम्या चांगल्या नव्हत्या. पेठेत दोन घरांत तारा आल्या. बाळाबाईचा मोठा आवाज बारीक होत गेला. मेहमुदा विहिरीवर गेली की चिमणाबाईच्या तोंडाकडं बघायचं टाळायची.

दसऱ्याच्या तोंडावर पिराजीचं पत्र आलं, पलटणीतल्या कुणा लिहिणाऱ्याकडून लिहून घेतलेलं. बाळाबाई ते घेऊन थेट सिकंदरच्या ओट्यावर आली आणि पंतांना बोलावून तिथंच ते वाचून घेतलं. पिराजी खुशाल होता. तापानं दवाखान्यात पडला होता, आता बरा होता. फोटो त्यानं तंबूत सगळ्यांना दाखवला होता. "पोराचे कान माझ्यासारखे आहेत, नाक मात्र तिचं आहे," असं त्यानं लिहवलं होतं. पुढं होतं, "आमच्या कंपनीतला एक कागलचा, एक गडहिंग्लजचा आणि दोघे भुदरगडाकडचे विचारतात, की फोटो काढणाऱ्या बाईचं घर कुठं आहे. त्यांनी घरी कळवलं आहे. त्यांची माणसं येतील."

आणि माणसं आली. बैलगाड्यांतून आली, चालत आली. डोक्यावर टोपली, टोपलीत भाजी नाहीतर गूळ, कडेवर पोर. काहींनी पोरांना गावातून निघतानाच काजळ घातलं होतं, ते इथं येईस्तोवर गालभर पसरलेलं असायचं. हुसेनबी त्यांना विहिरीवर नेऊन पोरांची तोंडं धुऊन आणायची, पाणी पाजायची, कुणाचं पोर कुणाकडं धरायला द्यायचं ते ठरवायची. एका बाईनं सोबत म्हैसही आणली होती. नवऱ्यानं घेऊन दिलेली, फोटोत तीही पाहिजे म्हणाली. मेहमुदानं म्हैसही घेतली.

पंतांनी कॅमेरा परत मागितलाच नाही. फिल्मा ते पुण्याहून मागवून देत. लढाईमुळं त्या मिळेनाशा झाल्या होत्या, पण पंत कुठून ना कुठून आणायचे. त्यांची बहीण दिवाळीला माहेरी आली तेव्हा ते तिला आणि आईला घेऊन बाळाबाईच्या पेरूच्या झाडाखाली आले. मायलेकींनी एकमेकींचे हात धरून फोटो काढून घेतला. पंत स्वतः लांब, बोळाच्या तोंडाशी उभे राहिले.

सिकंदरनं आणखी एक काम शोधून काढलं. फोटोवर पांढरा ठिपका पडला, की तो बारीक कुंचल्यानं त्यात रंग भरायचा, इतका की ठिपका कुठं होता हे सापडायचं नाही. हात बरे झाले होते. पेठेत आता 'फोटू धुणारी मेहमुदा' म्हणायला लागले होते, आणि एकदा कुणी त्याला त्यावरून टोचलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय, ती धुती. मी वाळवतो. तुमच्या घरात दोघं मिळून काय करता?"

लढाई संपता संपता तापाची साथ आली आणि पेठ रिकामी व्हायची वेळ आली. बाळाबाई त्यात गेली. त्या दिवसांत मेहमुदाकडं बायका फोटो काढायला आल्या नाहीत. जुन्या फिल्मा पुन्हा छापून मागायला आल्या. तिनं सगळ्या फिल्मा जपून ठेवल्या होत्या, तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. कुणाला नाही म्हटलं नाही.

पिराजी परत आला तो पुढच्या उन्हाळ्यात. एका पायानं जरा लंगडत होता. दुसऱ्याच दिवशी तो, चिमणाबाई आणि बाळासो मेहमुदाच्या अंगणात आले. पिराजीनं पोराला उचललं आणि पोरानं आकांत मांडला. हातपाय झाडले, आईकडं हात केले, बापाचं पागोटं खाली पाडलं. पिराजी कसनुसं हसला.

"मला वळखत न्हाय ह्यो," तो म्हणाला. "मी तर ह्येला रोज बघत हुतो."

मेहमुदानं पेटी उघडलीच नाही. "पावणं, आज नगं," ती म्हणाली. "त्येला जरा दमानं घिऊ द्या. म्हयन्याभरानं या."

महिन्यानं नाही, मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर ते आले. बोळातूनच आवाज ऐकू येत होता. बाळासो बापाच्या खांद्यावर बसला होता, दोन्ही मुठींत त्याचे केस धरून, आणि त्याला टाचा मारत होता. पिराजी लंगडत लंगडत घोड्यासारखा पळत आला.

"थांबा, तसंच ऱ्हावा!" मेहमुदा ओरडली. "खाली उतरवू नगा त्येला!"

बुरखा सावरत ती पेटी पोटाशी धरून अंगणात आली. ऊन नुकतंच ढगांतून निघालं होतं. हुसेनबीनं कोंबड्या हाकलल्या, चिमणाबाई नवऱ्याशेजारी उभी राहिली, आणि सिकंदरनं आत जाऊन उद्या पहाटेसाठी घागरी भरायला घेतल्या.